संसर्ग झालेल्या पेशीतले प्रथिनांचे संदेश कसे तपासावेत

कोकणातल्या खाड्यांत तिसऱ्या आणि कालवे काढली जातात, तशा शिंपल्यांत आढळणाऱ्या व्हिब्रिओ पॅराहिमोलिटिकस या जिवाणूचे काही रोगकारक स्ट्रेन (उपप्रकार) मानवी पेशीत ‘व्हॉपए’ नावाचे प्रथिन सोडतात. ते एमकेके या कायनेज प्रथिनांना (इतर प्रथिनांना फॉस्फेट जोडून संदेश पुढे नेणाऱ्या विकरांना) अ‍ॅसिटिल हा छोटा रासायनिक गट जोडते. त्यामुळे त्यांना एटीपी (फॉस्फेट पुरवणारा रेणू) धरता येत नाही आणि साखळीतल्या पुढच्या ईआरके या प्रथिनाला फॉस्फेट मिळत नाही, म्हणजे संदेश तिथेच अडतो. ही अडवणूक वेस्टर्न ब्लॉटवर (प्रथिने आकारानुसार वेगळी करून प्रतिपिंडांनी ओळखण्याच्या पद्धतीने) तपासता येते.

प्रयोग जैवसुरक्षा स्तर 2 च्या (मध्यम धोक्याचे जंतू हाताळण्यासाठीच्या) प्रयोगशाळेतच करावा. पेशींचे तीन गट घ्यावेत: संसर्ग नसलेला, मूळ स्ट्रेनचा आणि व्हॉपएचे जनुक काढलेल्या स्ट्रेनचा. तिसरा गट वगळण्याचा मोह होतो, पण त्याच्यावाचून ‘हा परिणाम व्हॉपएचाच’ या निष्कर्षाला आधारच उरत नाही.

खरी कसोटी पेशी फोडताना लागते. त्या क्षणापासून फॉस्फटेज विकरे प्रथिनांवरचे फॉस्फेट झपाट्याने काढू लागतात, आणि रत्नागिरीच्या मे महिन्यातल्या उकाड्यात ट्रेमधला बर्फ पाहता पाहता पाणी होतो. म्हणून बर्फ दुप्पट घ्यावा आणि लायसिस बफरमध्ये (पेशी फोडण्याच्या द्रावणात) या विकरांना रोखणारे सोडियम ऑर्थोव्हॅनाडेट व सोडियम फ्लोराइड आयत्या वेळी मिसळावे. ब्लॉकिंगसाठी (ब्लॉटवर प्रतिपिंडे भलतीकडे चिकटू नयेत म्हणून) दूध पावडरऐवजी 5 टक्के बीएसए (गाईच्या रक्तातले अल्ब्युमिन प्रथिन) वापरावे, कारण दुधातले केसीन स्वतःच फॉस्फेटयुक्त असते.

फॉस्फो-ईआरकेचे (फॉस्फेट जोडलेल्या ईआरकेचे) पट्टे 44 आणि 42 किलोडाल्टनला (प्रथिनाच्या वस्तुमानाचे एकक) दिसतात. मूळ स्ट्रेनच्या नमुन्यात ते फिके दिसले, तरी त्यातले एकूण ईआरके इतरांइतकेच आहे ना, हे आधी पाहावे. तेही कमी असेल, तर पेशी मेल्या असण्याची शंका घ्यावी.