वळवाने भाड्याच्या घराचे छप्पर उडाले, तर काय करावे

एप्रिल-मे महिन्यांत बेळगाव, खानापूर, निपाणी भागात वळीव बहुधा दुपारनंतर गाठतो, आणि एकदा आला की दुसऱ्या दिवशीही त्याच वेळेला येण्याची धास्ती असते. त्यामुळे आज संध्याकाळी कौले उडाली, तर उद्या दुपारच्या आत ताडपत्री चढलेली हवी. पक्की दुरुस्ती मागाहून.

वारा थांबेपर्यंत छपरावर कुणीही चढू नये. आधी मेन स्विच बंद करा. बोर्ड किंवा मीटरच भिजला असेल, तर हात न लावता हेस्कॉमला, म्हणजे इथल्या वीज कंपनीला, १९१२ वर कळवा. तुटलेली तार पत्र्यावर पडली असेल, तर पत्र्याला टेकलेल्या लोखंडी खांबातही करंट असू शकतो. घरातले सगळे लांब थांबा. पीओपीचे छत पाण्याने फुगले असेल, तर बाजूला उभे राहून काठीला बांधलेल्या स्क्रूड्रायव्हरने सर्वांत खाली आलेल्या जागी एक भोक पाडा, खाली बादली ठेवा. नाहीतर सगळे छतच अंगावर येते.

आता फोटो. खोलीचे, छपराचे, पडलेल्या फांदीचे, आणि काहीही हलवण्याआधी. भाडेकरूने घरमालकाला फोन करावाच, पण तेच तारीख-वेळेसह व्हॉट्सॲपवर लिहूनही टाकावे. पुढे खर्चाचा वाद निघाला की फोनवरचे बोलणे कामी येत नाही. घराचा विमा असेल तर कंपनीला त्याच दिवशी कळवा. सरकारी मदतीसाठी तलाठ्याकडून पंचनामा लागतो. फुटलेली कौले तोवर फेकू नका.

ताडपत्री घालताना लोक हमखास चुकतात: भोकापुरतीच टाकतात. भगदाड १० चौरस फुटांचे असले, तरी त्यातून फक्त वरून पडलेला पाऊस येत नाही; आढ्यापासून, म्हणजे छपराच्या सर्वांत उंच कडेपासून, उतरणारे सगळे पाणी ताडपत्रीच्या वरच्या काठाखाली शिरते. म्हणून ताडपत्री आढे ओलांडून पलीकडे ३ फूट जायला हवी, खाली वळचणीबाहेर लोंबायला हवी. कडा लाकडी रिपेला (पट्टीला) गुंडाळून रिपेसकट दोरीने वाशाला बांधा. वर दगड किंवा विटा ठेवण्याची सवय वाईट. पुढच्या वाऱ्यात त्याच खाली येतात. सिमेंटच्या पत्र्यावर कधीही थेट पाय देऊ नये, तो न कुरकुरता तुटतो. खालच्या आडव्या बारांवर टेकेल अशी फळी टाकून तिच्यावरूनच चाला. शिडी १२ फूट उंचीला भिंतीपासून ३ फूट अंतरावर, आणि खाली धरायला एक माणूस.

पक्क्या कामाला मंगळुरी कौले १०० चौरस फुटांना साधारण १५० धरा. नेताना जुने कौल नमुन्याला न्या, कारण वेगळ्या कारखान्याच्या साच्याची खाच जुळत नाही आणि गळती तिथूनच सुरू होते. लोखंडी पत्र्याला बोल्ट उंचवट्यावर मारावा, खळग्यात नव्हे. रबरी वॉशर विसरू नये. उभा जोड, म्हणजे वरच्या पत्र्याचे खालच्यावर चढणे, किमान ६ इंच ठेवा. पत्रे पूर्वेकडून टाकत यावे, म्हणजे पावसाळी पश्चिमेचा वारा जोडाच्या तोंडात शिरत नाही.

पैसे कुणी द्यायचे, हे आधी भाडेकरारात पाहावे. करारात किंवा कायद्याने दुरुस्ती मालकाकडे असेल आणि कळवूनही त्याने वाजवी वेळेत ती केली नाही, तर १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम १०८ भाडेकरूला ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू देते. त्यासाठी गवंड्याची आणि सामानाची पावती हवी, ताडपत्रीचीसुद्धा.