महागडी सिंगल-कॉइल गिटार घेताय? आधी घरातला प्लग बघा

गेल्या वर्षभरात तीन जणांनी मला सेम प्रश्न विचारलाय. बोनस आलाय, आता एकदाची चांगली स्ट्रॅट (फेंडरची स्ट्रॅटोकास्टर किंवा त्या घाटाची इलेक्ट्रिक गिटार) घ्यायचीय, कुठली घेऊ? आणि तिघांनाही मी आधी हेच विचारलं की बाबा तू वाजवतोस कुठे, घरात की स्टेजवर, आणि घरातल्या प्लगला अर्थिंग आहे का. तिघांनाही वाटलं मी विषय टाळतोय. पण दोन-अडीच लाखांची गिटार घेऊन पहिल्याच संध्याकाळी "अरे ही तर घुरघुरतेय, पीस खराब आलाय" असा फोन करणारे लोक मी बघितलेत, म्हणून हे सगळं एकदा सविस्तर लिहून टाकतो.

सिंगल-कॉइल हा पिकअपचा, म्हणजे गिटारच्या तारांखालच्या आवाज पकडणाऱ्या भागाचा एक प्रकार. सहा चुंबकांभोवती केसासारख्या तारेचे सात-आठ हजार वेढे, बास. गिटारच्या तारेचं कंपन पकडायचं त्याचं काम, पण ते वेढे अँटेनासारखेही वागतात, त्यामुळे घरातल्या वायरिंगची, ट्यूबलाइटच्या चोकची, फॅनच्या रेग्युलेटरची, लॅपटॉपच्या चार्जरची सगळी घाण आत येते. हीच ती घुरघुर, हिला हम म्हणतात. हम्बकर हा दुसरा प्रकार, त्यात दोन कॉइल उलटसुलट जोडून ती घाण कापतात, म्हणून नावच हम-बकर. यूट्यूबवर अमेरिकन लोक सिक्स्टी सायकल हम म्हणतात ना, तो आपल्याकडे पन्नासचा असतो कारण आपली लाइन ५० हर्ट्झची. पेटीवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर आपला हम पांढरी पाचला (म्हणजे G ला) लागतो, किंचित चढा. एकदा कानाला कळला की मग सुटत नाही, G मधलं गाणं वाजवताना तर तंबोरा बेसूर लावून ठेवल्यासारखं वाटतं.

माझीच गोष्ट सांगतो. डोंबिवलीत भाड्याच्या फ्लॅटमधे होतो, नवीन गिटार लावली, अँप चालू केला आणि असा आवाज की शेजारच्या काकूंनी मिक्सर लावला असावा असं वाटलं. तारांना हात लावला की आवाज कमी व्हायचा, हात काढला की परत सुरू. (हे नॉर्मल आहे बरं का, तारा ब्रिजमधून, म्हणजे खालच्या धातूच्या टेकूतून, ग्राउंडला जोडलेल्या असतात, हात लावल्यावर हम कमी झाला तर गिटारचं ग्राउंडिंग ठीक आहे. हात लावल्यावर वाढत असेल तर आत वायर सुटलीय.) दोन दिवस मी गिटारला शिव्या घातल्या. मग इलेक्ट्रिशियन आला, त्याने प्लगचा बोर्ड उघडला, आणि वरच्या जाड पिनच्या भोकामागे वायरच नव्हती! नुसतं भोक, शोभेला. चारशे रुपयांत अर्थिंग ओढलं आणि हम निम्म्याहून खाली आला. तारांना हात लावल्यावर मुंग्या किंवा बारीक झटका जाणवत असेल तर मात्र तिथल्या तिथे अँप बंद करा आणि वायरमन बोलवा, तो विषय टोनचा नाही, जिवाचा आहे.

तर पहिला निर्णय हाच, की हमसकट खरी सिंगल-कॉइल हवीय की नॉइजलेस. नॉइजलेसमधे साधारणपणे एकाखाली एक अशा दोन कॉइल रचतात, वरची तारेचा आवाज घेते, खालची मुख्यतः हम कापते. फेंडरच्या अमेरिकन अल्ट्रा सिरीजमधे असे पिकअप कंपनीतूनच येतात. सुहर कंपनीची क्लासिक एस आहे तिच्यात वेगळा जुगाड, पिकअप खरे सिंगल-कॉइलच पण हम कापायची सोय वेगळी आत बसवलेली. जुने लोक म्हणतात नॉइजलेसमधे वरचा तो काचेसारखा कण थोडा मरतो. माझ्या कानाला फरक लागतो, पण एकट्याने क्लीन (डिस्टॉर्शनशिवाय) वाजवताना. ड्रम आणि बेस सुरू झाले की कुणाच्या बापाला कळत नाही. जो माणूस गणपतीत रोज वेगळ्या मंडळाच्या स्टेजवर वाजवतो, जनरेटरची लाइन, बाजूला एलईडी वॉल, वर डिमरवरचे लाइट, त्याने सरळ नॉइजलेस घ्यावी आणि सुखी व्हावं. घरी वाजवणाऱ्याने, रेकॉर्डिंग करणाऱ्याने खरी सिंगल-कॉइल घ्यावी, कारण घरात तुम्ही खुर्ची वळवून बसू शकता. गंमत नाही, गिटार हातात धरून जागेवर गोल फिरा, एका कोनात हम जवळजवळ गायब होतो, दुसऱ्या कोनात डोक्यात जातो.

आणि स्ट्रॅट असेल तर पिकअप निवडायच्या स्विचच्या दोन नंबर आणि चार नंबरच्या जागी हम तसाही जातो, कारण आजकाल बहुतेक गिटारींत मधला पिकअप उलटा गुंडाळलेला आणि उलट चुंबकाचा असतो. तोच तो बदकासारखा क्वॅक आवाज. १९५४ साली स्ट्रॅट आली तेव्हा स्विच तीनच जागांचा होता, लोक तो मधे कुठेतरी अडकवून हा आवाज काढायचे, पाच जागांचा स्विच कंपनीने १९७७ ला दिला.

आता दुकान. धोबीतलावला फुर्ताडोज आहे, १८६५ पासूनचं, मुंबईत बाकीही दुकानं आहेत, पुण्या-बंगळुरातही मिळतात, पण हायएंडचे पीस सगळीकडे भिंतीला लटकलेले नसतात. आधी फोन करून नेमकं मॉडेल आणि फ्रेटबोर्ड (बोटं दाबतो ती लाकडी पट्टी) सांगून विचारा, नाहीतर तीन तास ट्रेनने जायचं आणि सेल्समन म्हणणार "सर ऑर्डरवर येईल". जाताना तुमची आत्ताची गिटार न्या, तुमची केबल न्या, जमलं तर अँप किंवा निदान तुमचा पेडल न्या. मी पहिल्यांदा एका दुकानात गेलो तर त्या भल्या माणसाने सात-आठ हजारांच्या गिटारीपासून लाखाच्या गिटारीपर्यंत सगळ्या एकाच डिस्टॉर्शनवर वाजवून दाखवल्या आणि सगळ्या सारख्याच वाजल्या. वाजणारच! सिंगल-कॉइल ऐकायची ती क्लीनवर, रिव्हर्ब शून्य, ट्रेबल अर्ध्यावर, आणि आधी अर्धा तास प्लगच लावायचा नाही.

कारण पैसे कशाचे जातात ते समजून घ्या. चांगले पिकअप वेगळे विकत घेऊन स्वस्त गिटारमधे बसवता येतात, तासाभराचं काम. पण नेक (गिटारची मान) बदलणं, फ्रेट (तिच्यावरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या) बदलणं तसं सोपं नाही. महाग गिटार महाग असते ती नेकमुळे, फ्रेटच्या कामामुळे, नटमुळे (नेकच्या टोकाची खाचांची पट्टी, जिच्यात तारा बसतात). म्हणून डाव्या हाताला जे कळतं ते कानापेक्षा आधी बघा. तळहात नेकच्या कडेवरून वरपासून खालपर्यंत फिरवा, फ्रेटची टोकं करवतीसारखी लागली तर तिथेच ठेवा, या किमतीत ते चालवून घ्यायचं नाही. मग बारीक ई तार बाराव्या ते सतराव्या फ्रेटवर पूर्ण एक स्वर बेंड करा, म्हणजे दोन फ्रेट पुढचा सूर येईपर्यंत ओढा. तार मधेच गुदमरून गप्प झाली तर एकतर सेटअप (तारांची उंची आणि नेकची जुळवणी) वाईट किंवा रेडियस तुमच्या हाताचा नाही.

रेडियस म्हणजे फ्रेटबोर्डची गोलाई. जुन्या पद्धतीच्या स्ट्रॅटला ७.२५ इंच, चांगलीच गोल, कॉर्ड पकडायला मस्त पण अॅक्शन (तारांची फ्रेटपासूनची उंची) खाली आणली की मोठे बेंड मरतात. फेंडरची अमेरिकन व्हिंटेज टू सिरीज अशीच आहे, पीआरएस कंपनीची सिल्व्हर स्कायपण (गिटारिस्ट जॉन मेयरची, २०१८ ला आली). अमेरिकन प्रोफेशनल टू ९.५ वर आहे, मधला मार्ग. अल्ट्रा १० पासून सुरू होऊन खाली १४ पर्यंत सपाट होत जाते. मी सिल्व्हर स्कायच्या प्रेमात पडलो होतो, सहा महिने फोटो बघत होतो, आणि हातात घेतल्यावर दहा मिनिटांत कळलं की माझ्या बेंडच्या सवयीला ती नाही. फोटो बघून दोन लाख ट्रान्सफर करणार होतो हो!

मग ट्यूनिंग. G ची तार हळूहळू चढवा, नटपाशी टिक टिक आवाज आला तर तार खाचेत अडकतेय, ट्रेमोलो (ब्रिजचा दांडा, ज्याने सूर खाली-वर करतात) वापरला की ट्यूनिंग जाणार. ट्रेमोलो खाली दाबा, सोडा, ट्यूनर बघा. वर ओढा, सोडा, परत बघा. या पैशात तो परत जागेवर आलाच पाहिजे. जाड ई तार वरच्या फ्रेटवर वाजवल्यावर एकाच वेळी दोन सूर असल्यासारखी डुगडुगली तर घाबरू नका, पिकअप तारेच्या फार जवळ चढवलाय आणि चुंबक तार ओढतोय. व्हिंटेज पद्धतीच्या पिकअपला शेवटचा फ्रेट दाबून जाड तारेखाली साधारण २.४ मिमी आणि बारीक तारेखाली २ मिमी जागा लागते, दोन स्क्रू फिरवले की झालं. अॅक्शन सतराव्या फ्रेटवर १.६ मिमीच्या आसपास असेल तर उत्तम. एक छोटी स्टीलची पट्टी खिशात ठेवा, दुकानदार जरा वेगळ्या नजरेने बघतो, बघू दे.

वजनही बघाच. मी बॅगा तोलायचा तो हुकवाला काटा नेतो, त्याला पट्ट्याने गिटार लटकवायची (खाली हात धरून, पडली तर रडायची वेळ). साडेतीन किलोच्या आत असेल तर छान, चारकडे गेली की दोन तासांच्या प्रोग्रॅमनंतर खांदा सांगतो. एकाच मॉडेलच्या दोन पीसमधे अर्धा किलोचा फरक मी स्वतः मोजलाय, म्हणून ऑनलाइन घेत असाल तर त्या पीसचं वजन आणि सिरीयल नंबर मागून घ्या, नवीन गिटार असली तरी मागायचं, लाजायचं नाही.

मेपल की रोझवूड यावर लोक रात्र रात्र भांडतात. माझं मत, आवाजात फार नाही, बोटाला फरक आहे, मेपलला लॅकर असतं, गुळगुळीत लागतं, रोझवूड कोरडं. आणि बऱ्याच गिटारींवरचा हा रोझवूड म्हणजे आपलाच शिसव, आजोळच्या शिसवी पाटाचं लाकूड कॅलिफोर्नियाला जाऊन फ्रेटबोर्ड होऊन परत आपल्यालाच लाखात विकलं जातं, असो. फिनिश मात्र विचार करून घ्या. नायट्रो (जुन्या पद्धतीचं पातळ लॅकर) दिसायला देखणं, पण मुंबईच्या घामाने चिकटतं, आणि रबराच्या स्टँडवर ठेवलं तर रबर आणि नायट्रोची रिअॅक्शन होऊन डाग पडतो, कायमचा. स्टँडला सुती कापड गुंडाळा किंवा सरळ पॉली फिनिशची घ्या.

सिंगल-कॉइल म्हणजे फक्त स्ट्रॅट नाही हेही लक्षात ठेवा. टेलिकास्टर त्याआधीची, साधी, दोन पिकअप, बिघडायला काहीच नाही, आणि ब्रिज पिकअपचा आवाज असा की मिक्समधे कुठेही असली तरी कळते. गिब्सनच्या पी-९० पिकअपवाल्या गिटारी पण सिंगल-कॉइलच, पण आवाजाने जाड्या, रॉक वाजवणाऱ्याने त्या ऐकल्याशिवाय स्ट्रॅटवर शिक्का मारू नये.

बाहेरून मागवायचा विचार बऱ्याच जणांच्या डोक्यात येतो, अमेरिकेतल्या वेबसाइटवरची किंमत बघून. हिशोब करताना लक्षात घ्या की कस्टम ड्यूटी आणि वरचा आयजीएसटी हा गिटारच्या किमतीवर नाही, गिटार अधिक शिपिंग अधिक इन्शुरन्स या सगळ्यावर लागतो. शेवटी बऱ्याचदा इथल्या दुकानाच्या किमतीच्याच जवळ येऊन पोचतो आपण, आणि इथली वॉरंटी नाही ते वेगळंच. भावाने किंवा मेव्हण्याने न्यू जर्सीहून येताना आणली तरी ती ड्यूटी-फ्री मर्यादेच्या वर जाणार, त्याला बिल सोबत ठेवायला सांगा आणि रेड चॅनेलने (विमानतळावर कस्टमला सामान दाखवायची रांग) यायला सांगा. "जुनी आहे, माझीच आहे" हे चकचकीत नवीन केसकडे बघून कोणी मानत नाही.

घरी आल्यावर लगेच सेटअपला धावू नका. लाकडाला तुमच्या घरची हवा लागू दे, दोन-तीन आठवडे तशीच वाजवा, मग न्या. तारा नवाच्या (बारीक) येतात आणि तुम्ही दहाच्या (थोड्या जाड) लावणार असाल तर ते आधीच ठरवा, कारण ताण वाढला की ट्रेमोलो पुढे उचलला जातो आणि सगळा सेटअप परत करावा लागतो. जूनमधे पाऊस सुरू झाला की नेक हलतो, अॅक्शन बदलल्यासारखी वाटते, आपल्याकडे वर्षातून दोनदा ट्रस रॉड (नेकच्या आतली धातूची सळई) थोडा फिरवावा लागतो, जास्तीत जास्त पाव फेरा, आणि स्वतः कधी केलं नसेल तर पहिल्यांदा टेक्निशियनच्या शेजारी बसून बघा. माझा माणूस दादरला बसतो, गिटार हातात घेतल्या घेतल्या न वाजवता एका डोळ्याने नेकवरून बघतो आणि म्हणतो, "एसीच्या खाली ठेवली होती ना?" ठेवलेली असते.