होल्डर नवे, भोकं जुनी

बोट आमच्याकडे आली ती तिसऱ्या हाताची. काठावर चार रॉड होल्डर होते, म्हणजे मासेमारीचा रॉड खोचून ठेवायच्या नळ्या. दोन पांढऱ्या प्लॅस्टिकचे, उन्हाने खडूसारखे झालेले, नखाने खरवडलं की भुकटी निघायची. उरलेले दोन दुरून स्टीलचे वाटायचे, पण जवळ गेलं की मुलाम्याला आलेले फोड दिसायचे आणि फोडाखाली पांढरी पावडर. म्हणजे आत ओतीव जस्त, वर नुसता चकचकाट.

भाचा म्हणाला, "मामा, चार काढायचे, चार बसवायचे. अर्ध्या तासाचं काम आहे." त्या अर्ध्या तासात माझे तीन शनिवार-रविवार गेले, आणि त्यातला निम्मा वेळ होल्डरवर गेलाच नाही. तो गेला होल्डरखालच्या भोकांवर. म्हणून आधीच सांगतो, नवे होल्डर लगेच विकत आणू नका. मी आणले होते. चारपैकी एकही जुन्या भोकात बसला नाही.

आधी काठाखाली हात घालून बघा. आरसा आणि टॉर्च घ्या, किंवा मोबाइल आत धरून फोटो काढा. होल्डरच्या नळीला लागून वायर गेली आहे का, इंधन टाकीच्या हवेची नळी आहे का, स्क्रू नटात आवळलेत की नुसतेच फायबरमध्ये घुसवलेत, हे सगळं वरून कधीच कळत नाही. माझ्या बोटीत तिघांना नट होते आणि चौथ्याला चार लाकडी स्क्रू. गळाला मोठा मासा लागला की सगळी ओढ नळीच्या वरच्या टोकाला बसते आणि होल्डर तरफेसारखा उचकटतो. त्या वेळी लाकडी स्क्रू रॉडसकट पाण्यात जातात.

काढताना घाई नको. स्क्रूच्या डोक्यातली खाच आधी टोकदार खिळ्याने साफ करा, मग नेमक्या मापाचा स्क्रू ड्रायव्हर लावून हातोडीने दोन ठोके द्या. तरीही हलला नाही तर सोल्डरिंग आयर्न मिनिटभर डोक्यावर टेकवून ठेवा. उष्णतेने जुना सीलंट, म्हणजे फटीतून पाणी जाऊ नये म्हणून लावलेला चिकट लेप, मऊ पडतो आणि स्क्रू निमूट फिरतो. स्क्रू निघाले तरी होल्डर हलत नाही, कारण काठावर टेकणाऱ्या त्याच्या पट्टीखाली कुणीतरी मनसोक्त सीलंट फासलेला असतो. तिथे पटाशी घालून उचकटलंत तर जेलकोटचा, म्हणजे फायबरवरच्या चकचकीत थराचा, टवका उडालाच म्हणून समजा. मासेमारीचीच जाड दोरी घ्या, दोन्ही टोकांना काठी बांधा आणि करवतीसारखी मागेपुढे ओढत पट्टीखालून काढा. अडलं तर हेअर ड्रायरने शेक द्या. हीट गन मी वापरत नाही, जेलकोट पिवळा पडायला फार वेळ लागत नाही.

होल्डर निघाला की खरं प्रकरण समोर येतं. बहुतेक फायबर बोटींचा काठ म्हणजे वर-खाली फायबर आणि मध्ये बाल्सा किंवा प्लाय. भोक पाडताना मधल्या लाकडाची कड उघडी पडते. ती बंद केली नसेल तर सीलंटमधून झिरपलेलं पाणी त्या लाकडात शिरतं आणि तिथेच मुरतं. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने भोकाभोवती टकटक करत जा. चांगल्या जागी आवाज खणखणीत येतो, कुजलेल्या जागी बद्द. माझ्या मागच्या डाव्या कोपऱ्यात तो चार बोटांपर्यंत बद्द येत होता, आणि भोकाची कड दाबली की अंगठ्याला पाणी लागत होतं.

अशा वेळी साधा खिळा काटकोनात वाकवून ड्रिलमध्ये बसवा आणि भोकात घालून हळू फिरवा. वरचं-खालचं फायबर शाबूत राहतं आणि मधलं कुजकं लाकूड भुसा होऊन बाहेर येतं. व्हॅक्यूमची नळी बाजूला धरा आणि तोंडाला चांगला मास्क लावा. फायबरची धूळ अंगाला खाजते हे सगळ्यांना ठाऊक असतं, ती फुप्फुसात गेली तर काय, याचा विचार कुणी करत नाही. आत घट्ट, कोरडं लाकूड लागेपर्यंत कोरत राहा, मग जागा पूर्ण वाळू द्या. माझी वाळायला आठवडा लागला. रोज सकाळी भोकात हाताचं बोट घालून बघायचो.

वाळल्यावर आधी पातळ एपॉक्सी (दोन डब्यांतलं मिसळलं की कडक होणारी राळ) ब्रशने आत पाजा. लाकूड ती पिऊन घेतं. ती चिकट असतानाच सिलिका पावडर मिसळून टूथपेस्टइतकी घट्ट केलेली एपॉक्सी भरा. मोठी पोकळी एका दमात भरू नका. एपॉक्सी सुकताना तापते, आणि जाड थरात इतकी तापते की माझ्या हातातल्या कपातून धूर निघाला. दोन थर द्या. प्रमाण डब्यावर लिहिलेलं असतं, अंदाजपंचे नको. कडक झाल्यावर वर मेणासारखा थर येतो, तो पाण्याने घासून धुवा आणि मगच पॉलिश पेपर मारा. जुने स्क्रूचे खड्डेही याच फेरीत बुजवून टाका, कारण नव्या पट्टीची भोकं त्यांच्याशी क्वचितच जुळतात.

आता होल्डर विकत घ्यायला हरकत नाही. खाऱ्या पाण्यात 316 प्रतीचं स्टेनलेस स्टील घ्या. 304 चं स्टील दिसतं तसंच, पण लवकरच त्यावर तांबूस डाग येतात. दोन्हींत फरक मॉलिब्डेनम या गंज रोखणाऱ्या धातूचा, 316 मध्ये ते साधारण 2 ते 3 टक्के असतं. होल्डरमध्ये आडवी पिन आहे का बघा. बुडाला खाच असलेला जड रॉड त्या पिनवर बसतो आणि फिरत नाही. रबरी बुडाच्या हलक्या रॉडला मात्र पिन टोचते. आणि बूड बंद असलेला घेणार असाल तर खाली पाणी जायला नळी जोडायची सोय असलेलाच घ्या. उघड्या बुडाच्या होल्डरमधून पावसाचं सगळं पाणी बोटीच्या पोटात उतरतं. आमच्या पंपाला विश्रांती का मिळत नव्हती, ते तेव्हा कळलं.

माप घेताना तिरकेपणाचा हिशेब विसरू नका. 50 मिलिमीटरची नळी 30 अंशांत कलली की तिला पृष्ठभागावर सुमारे 58 मिलिमीटर लांबीचं लंबगोल भोक लागतं. त्यातून भोक सरळ खाली पाडलं आणि काठ 15 मिलिमीटर जाड असला, तर आणखी 8-9 मिलिमीटर. म्हणून आधी पुठ्ठ्याचा साचा कापा, होल्डर त्यात उभा करा, रॉड आणि रीळ लावून त्या जागी धरून बघा. रिळाचा दांडा कठड्याला आपटतो का? मागच्या कोपऱ्यातले रॉड बाहेर झुकतात की एकमेकांत अडकतात? हे टेपपट्टीवर कळत नाही.

भोक वाढवायचं झालं तर होल सॉच्या (ड्रिलला लावायच्या गोल करवतीच्या) मधल्या ड्रिलला धरायला काहीच नसतं, आणि तो काठभर नाचतो. जुन्या भोकात प्लायचा तुकडा घट्ट ठोकून बसवा, म्हणजे मध्यबिंदू मिळतो. वर मास्किंग टेप लावा आणि जेलकोट कापेपर्यंत ड्रिल उलटं फिरवा. मग सुलटं. कडेचे टवके उडत नाहीत. नव्याने कापलेल्या लाकडाच्या कडेलाही एपॉक्सी पाजा, नाहीतर आधीच्या मालकाने केलं तेच तुम्ही केलंत.

बोल्टची भोकंही याच पद्धतीने: मापापेक्षा मोठं पाडा, एपॉक्सीने भरा, सुकल्यावर मापात पुन्हा पाडा. बोल्ट आता लाकडात नाही, एपॉक्सीच्या खांबात असतो. भोकाच्या तोंडाला हलका उतार द्या, सीलंटला तिथे बसायला जागा मिळते. बोल्टच्या डोक्याकडेही लक्ष द्या. मेट्रिक बोल्टचा उतार 90 अंशांचा असतो, इंची मापाचा बहुधा 82. पट्टी एकाची आणि बोल्ट दुसऱ्याचा असला तर डोकं नुसतं कडेवर टेकतं.

खाली वॉशरवर भागवू नका. फायबरची जाड पाटी कापून सगळे बोल्ट तिच्यातून घ्या. ओढ तळहाताएवढ्या जागेत वाटली जाते. स्टीलचा लॉक नट कधीही ड्रिलने भरभर फिरवू नका. आटे तापून एकमेकांना चिकटतात आणि मग बोल्ट कापावाच लागतो. आट्यांना थोडं ग्रीस, आणि हाताने पाना.

सीलंटमध्ये सिलिकॉन टाळा. त्याचा अंश राहिला की पुढे त्यावर दुसरं काही धरत नाही. प्लॅस्टिकच्या होल्डरला पॉलिसल्फाइडही लावू नका, काही प्लॅस्टिक त्याने तडकतं. कायमचं चिकटणारं पॉलियुरेथेनही नको, ज्याच्याशी मी दोरीने झटापट केली ते तेच होतं. काढता येण्याजोगं घ्या. ॲसिटोनने पुसा, पट्टीभोवती टेप लावा, सीलंटचा सलग वेढा द्या. आवळताना वरून एकाने बोल्ट स्थिर धरायचा, खालून दुसऱ्याने नट फिरवायचा. बोल्ट फिरला तर त्याच्याभोवतीचा सीलंट फाटतो. कडेने थोडासा बाहेर आला की थांबा, सगळा पिळून काढू नका. टेप लगेच ओढा.

खालून नट फिरवायचं काम भाच्याकडे होतं. एक नट त्याच्या हातून सुटला आणि बोटीच्या दोन भिंतींमध्ये गेला. तो अजून तिथेच आहे, डावीकडे वळलं की खडखडतो.

सीलंट पुरता सुकल्यावर प्रत्येक बोल्टखाली टिश्यू पेपर चिकटवा आणि वरून बादलीभर पाणी ओता. अर्ध्या तासाने टॉर्च घेऊन आत बघा. आमचे पंधरा कागद कोरडे निघाले. सोळावा उजव्या पुढच्या कोपऱ्यातला, तिथे मी टेप काढायच्या नादात नट आवळायचाच विसरलो होतो. तो होल्डर पुन्हा काढला, पुसला, बसवला.