केसीएलचं (पोटॅशियम क्लोराईडचं) सलाईन लावताना नवीन सिस्टर्सनी काय काय बघायचं

वॉर्डला नवीन जॉईन झालेल्या मुली केसीएलला घाबरतात आणि ते बरोबरच आहे. पण ऑर्डर आली की द्यावं तर लागणारच, म्हणून मी कसं करते ते लिहितेय.

पहिली गोष्ट, केसीएल डायरेक्ट शिरेत पुश करायचं नाही, कुणी कितीही घाई केली तरी नाही, हार्ट बंद पडू शकतं. आपल्याकडचं नेहमीचं अँप्यूल 10 एमएलचं असतं, त्यात 20 एमईक्यू (मिलिइक्विव्हॅलंट, पोटॅशियम मोजायचं एकक). फाईलवर नुसतं "1 अँप केसीएल" लिहिलं असेल तर डॉक्टरांकडून किती एमईक्यू, कुठल्या फ्लुइडमध्ये आणि किती तासांत हे नीट लिहून घ्या, विचारायला लाजू नका.

लावायच्या आधी पोटॅशियमचा ताजा रिपोर्ट, क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) आणि युरिन बघायची. पेशंटला लघवीच होत नसेल तर पोटॅशियम बाहेर जाणार कुठून? तासाला प्रति किलो अर्धा एमएलपेक्षा कमी असेल तर आधी डॉक्टरांना फोन. स्पायरोनोलॅक्टोन (लघवी वाढवणारी गोळी) चालू आहे का तेही बघा, त्याने पोटॅशियम वाढतं.

हाताच्या साध्या लाईनला लिटरमागे 40 एमईक्यूच्या वर नको, म्हणजे 500 एमएल एनएसला (नॉर्मल सलाईनला) एकच अँप्यूल, आणि स्पीड तासाला जास्तीत जास्त 10 एमईक्यू, त्यामुळे ती बाटली दोन तासांच्या आत संपताच कामा नये. चार तासांची ऑर्डर असेल तर तासाला 125 एमएल, 20 थेंबांच्या सेटला (20 थेंब म्हणजे 1 एमएल) मिनिटाला साधारण 42 थेंब. पंप मिळाला तर पंपच लावा. यापेक्षा फास्ट द्यायचं तर सेंट्रल लाईन (मोठ्या शिरेत घातलेली नळी) आणि मॉनिटर पाहिजे, जनरल वॉर्डात नाहीच.

आता मिक्सिंग, इथे फार जणी गडबड करतात. टांगलेल्या चालू बाटलीत अँप्यूल सोडायचं नाही, केसीएल जड असतं, खाली बसतं आणि पहिल्यांदा तेच घट्ट पेशंटला जातं. बाटली खाली घ्या, औषध घाला, आठ-दहा वेळा उलटीपालटी करा, मग लेबल लावा, औषध, एमईक्यू, वेळ, सही. अँप्यूल फोडण्याआधी दुसऱ्या सिस्टरला नाव वाचायला लावा, काही कंपन्यांचं केसीएल आणि डिस्टिल वॉटर दिसायला अगदी सारखं असतं.

आणि नातेवाईक! एका आजींच्या मुलाने घरी लवकर जायचं म्हणून थेंबांचा स्पीड ठरवणारा रोलर पूर्ण उघडला होता, राऊंडला थेंबांची धारच दिसली, लगेच बंद केलं, ईसीजी काढला, आजी ठीक होत्या. तेव्हापासून मी सलाईन लावतानाच पेशंटला आणि सोबतच्याला सांगते, "दादा, ह्याला हात लावायचा नाही, ह्यात हार्टवर परिणाम करणारं औषध आहे, हात जळजळला किंवा छातीत धडधडलं तर लगेच मला हाक मारा." जळजळ झाली तर आधी कॅन्युलाची (शिरेत घातलेल्या छोट्या नळीची) जागा बघा, सूज असेल तर सलाईन बंद करून लाईन बदला, नुसती जळजळ असेल तर स्पीड कमी करून डॉक्टरांना सांगा. ड्युटी बदलताना पुढच्या सिस्टरला बेडजवळ नेऊन बाटली, लेबल आणि थेंब दाखवूनच निघा.