सोलापुरात नव्यानं आलात? मार्च लागायच्या आत एवढं करून ठेवा

घर बघायला गेलात की भाड्याच्या आधी विचारा, पाणी कितव्या दिवशी येतं आणि किती वाजता? आम्ही २००४ साली बदलीवर चिपळूणहून इथं आलो, तेव्हा हा प्रश्न सुचलाच नव्हता. चिपळूणकराला पाण्याची भीती वाटते ती पुराची! इथं नळाला रोज पाणी नसतं. अलीकडं बऱ्याच भागांत ते चार-पाच दिवसांआड येतं, कधी अपरात्री येतं. १९९२ साली शहराला जोडल्या गेलेल्या गावांना लोक अजून 'हद्दवाढ भाग' म्हणतात. तिथं घर घेणार असाल तर शेजाऱ्यांना टँकरचंही विचारून ठेवा.

आता उन्हाचं. कोकणातला उकाडा अंगाला चिकटतो, ब्लाउज भिजतो, म्हणजे शरीर आपल्याला बजावत असतं. इथली हवा कोरडी. घाम येतो, पण दिसायच्या आधीच वाळतो. पहिल्या मे महिन्यात 'मला कुठं घाम येतोय' अशा भ्रमात मी भर दुपारी गॅसच्या कामाला सात रस्त्यापासून पायी निघाले. परत येताना डोळ्यांपुढं अंधारी आली. एका रसवंतीवाल्या मामांनी बाकड्यावर बसवलं, टॉवेल माठात बुडवून डोक्यावर ठेवला (सोलापुरीच, दुसरा कुठला असणार) आणि वर झापलं, "ताई, बारा ते चार इथं कुत्रंबी सावली सोडत न्हाई." तेव्हापासून माझी बँक, बाजार, सगळं अकराच्या आत.

पेपरात ४२ किंवा ४३ अंश छापून येतात, तो आकडा सावलीतल्या, हवेशीर पेटीतल्या तापमापकाचा असतो. पत्र्याच्या खोलीत त्याहून जास्त भाजतं. पूर्व भागात विडी वळणाऱ्या बायका आणि यंत्रमागावरचे कामगार अशाच पत्र्याखाली दिवस काढतात. तुमच्या डोक्यावर पत्रा असेल तर मार्चमध्येच वरून चुन्याचे दोन हात मारून घ्या. जुनं माळवद मिळालं तर नशीबवान. मातीच्या छताखालची दुपार वेगळीच असते.

सरकारी यंत्रणेकडून काय मिळतं, हे मला कळायला पाच-सहा वर्षं गेली. हवामान खात्याचा पिवळा, नारिंगी, लाल इशारा येतो. मैदानी भागात पारा चाळिशी गाठतो आणि नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी वर जातो, तेव्हा तिला उष्णतेची लाट म्हणतात. ४५ गाठले की सरासरी बघत बसत नाहीत. मग जिल्हा प्रशासन आणि महापालिकेकडून सूचना निघतात. दवाखान्यात उष्माघाताच्या रुग्णांसाठी वेगळी खाट, ओआरएसचा साठा, शाळा सकाळच्या, बांधकामावर दुपारची सुट्टी. याचा पाया अहमदाबादनं घातला. २०१० च्या मे महिन्यात तिथं उन्हानं शेकड्यांनी माणसं गेली, आणि २०१३ मध्ये तिथल्या महापालिकेनं देशातला पहिला उष्णता कृती आराखडा केला. पुढं आपल्याकडं नागपूरही त्या वाटेनं गेलं.

तुम्ही एवढंच करा, आपल्या भागाचं महापालिकेचं नागरी आरोग्य केंद्र कुठं आहे ते एकदा चालत जाऊन बघून या. ओआरएसची पाकिटं तिथं फुकट मिळतात. गल्लीतल्या आशाताईंशी ओळख ठेवा. घरात म्हातारं माणूस किंवा पोटुशी बाई असेल तर तसं त्यांना सांगून ठेवा. माणूस बरळायला लागला, अंग तापलं आणि कोरडं पडलं, तर १०८ ला फोन लावा आणि गाडी येईपर्यंत सावलीत निजवून अंगावर पाणी मारा, वारा घाला. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी अजिबात ओतू नका. जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा नंबर १०७७, तोही भिंतीवर लिहून ठेवा.

माझं मत विचाराल तर सोलापुरात उन्हाचा खरा बंदोबस्त आरोग्य खात्याकडं नाही, पाणीपुरवठा खात्याकडं आहे. फलकावर लिहितात 'भरपूर पाणी प्या', आणि नळ पाचव्या दिवशी! म्हणून इथं उन्हाळ्यात भेटल्यावर पहिला विषय उजनीचा. धरण ११७ टीएमसीचं (एक टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट), पण त्यातलं निम्म्याहून जास्त पाणी मृतसाठा, म्हणजे तळाचं, वापराच्या हिशोबात न धरलेलं. 'उजनी मायनसमध्ये गेली' असं कुणी म्हणालं की समजा, वापराचं पाणी संपून साठा मृतसाठ्यात उतरला. शहराला पाणी येतं ते उजनीहून सुमारे ११० किलोमीटरच्या जलवाहिनीतून, भीमेत सोडलेल्या पाण्यातून टाकळीला उचलून आणि थोडं हिप्परग्याच्या तलावातून. टाकळीसाठी भीमेतलं पाणी जिथं अडवतात त्या औजच्या बंधाऱ्यापर्यंत ते पोचायला दिवस लागतात, तेवढ्यात रोटेशन, म्हणजे नळाची पाळी, पुढं ढकललं जातं.

कूलरबद्दल. कोकणात कूलर लावला तर नुसता दमटपणा वाढतो, इथल्या कोरड्या हवेत तो खरंच गार करतो. पण दिवसाला तीस-चाळीस लिटर पाणी पितो. आम्ही दोन बॅरल ठेवलेत, एक वापराचं, एक कूलरचं. झाकण घट्ट लावा आणि आठवड्यातून एकदा बॅरल, कूलर कोरडे करून घासा, नाहीतर डेंग्यूचे डास तिथंच वाढतात. महापालिकेची माणसं अळ्या बघायला घरात येतात तेव्हा दारातून परत पाठवू नका. मी पहिल्यांदा पाठवलं होतं, आणि जुलैत मुलाला तापानं आठ दिवस निजवलं.

जेवणात ताक, ज्वारीची आंबील, कडक भाकरी आणि शेंगाचटणी. चटणीनं तहान लागते म्हणतात. लागू दे, पाणी प्याल तरी.

आमच्या गल्लीत पाणी रात्री दीडला येतं. झोप लागेल असं वाटलं तर समोरच्या काकूंना सांगून ठेवायचं. त्या दार वाजवतात, आणि उठला नाहीत तर खिडकीतून तुमच्या नावानं अशी हाक मारतात की अर्धी गल्ली हंडे घेऊन बाहेर येते.