ट्रेलरच्या विद्युत ब्रेकसाठी कंट्रोलर निवडताना आणि बसवताना

अमेरिकेत सुमारे ३,००० पौंडांहून जड ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असणे बहुतेक राज्यांत बंधनकारक आहे. ते विद्युत ब्रेक असल्यास गाडीत कंट्रोलर, म्हणजे ट्रेलरच्या ब्रेकना विद्युतप्रवाह पुरवणारे उपकरण, लागतो. त्याचे मुख्य प्रकार दोन. पहिला ठरावीक वेळेत ठरवलेल्या पातळीपर्यंत विद्युतप्रवाह वाढवतो, मग तुम्ही पेडल हलके दाबा की जोरात. दुसरा गाडीचा वेग किती झपाट्याने कमी होतो आहे हे संवेदकाने ओळखून त्या प्रमाणात ट्रेलरचे ब्रेक लावतो. किंमत जास्त असली, तरी डोंगराळ रस्त्यांवर नेहमी ट्रेलर ओढणाऱ्याने दुसराच घ्यावा, असे माझे मत आहे.

गाडीत कंपनीचा तयार सॉकेट असेल, तर जुळणारी वायरिंग जोडली की काम संपते. नसल्यास प्रथम बॅटरीचे ऋण टोक सोडवावे. साधारणपणे कंट्रोलरची काळी तार सर्किट ब्रेकरमार्गे बॅटरीच्या धन टोकाला, पांढरी ऋण टोकाला, लाल ब्रेक-दिव्याच्या स्विचला आणि निळी मागील सात पिनांच्या सॉकेटला जाते. तरीही रंगांवर विसंबू नये, प्रत्येक तार टेस्टरने तपासावी. संवेदक असलेला कंट्रोलर पुस्तिकेत दिलेल्या कोनातच, गुडघा आपटणार नाही अशा जागी घट्ट बसवावा.

शेवटी मोकळ्या, कोरड्या रस्त्यावर, ट्रेलर भरलेला असताना, ताशी सुमारे ४० किलोमीटर वेगाने जात कंट्रोलरवरची हाताने चालणारी कळ दाबावी. ट्रेलरची चाके जाम झाल्यास कंट्रोलरवर ब्रेकचा जोर कमी करावा, ट्रेलर गाडीला ढकलत असल्यास वाढवावा. भार बदलला की ही जुळणी पुन्हा करावी लागते.