कीटकभक्षी वनस्पतींचं बी घरी कसं रुजवावं

पेरायच्या आधी बी नेमकं कुणाचं आहे ते पक्कं करा. कीटकभक्षी म्हणून आपण ज्यांना एका रांगेत बसवतो त्यातल्या काही वनस्पती उष्ण दलदलीतल्या, काही बर्फ पडणाऱ्या पाणथळ जागांतल्या, तर काही धुक्यातल्या डोंगरउतारांवरच्या आहेत. सगळ्यांना एकच पद्धत लावली की थोडं बी उगवतं आणि उरलेलं कुजतं.

पहिल्यांदाच करून बघणार असाल तर ड्रॉसेरा कॅपेन्सिस घ्या. दवबिंदू म्हणजे ड्रॉसेरा, पानांवरच्या चिकट थेंबांनी किडे पकडणारी वनस्पती. हा तिचा सगळ्यात सोशिक प्रकार. बी पावडरीसारखं बारीक असतं, रुजण्याआधी त्याला थंडीत ठेवावं लागत नाही आणि दोन ते चार आठवड्यांत ते रुजतं. ड्रॉसेरा बर्मानीही सोपा आहे, फक्त तो बहुधा एका हंगामात फुलून, बी धरून संपतो. व्हीनस फ्लायट्रॅपला, म्हणजे मिटणाऱ्या पानांच्या सापळ्यात किडे पकडणाऱ्या वनस्पतीला, थंडीची सक्ती नाही, पण बी ताजं हवं. घरातल्या उष्णतेत त्याची उगवण झपाट्यानं घटते, म्हणून लगेच पेरायचं नसेल तर कोरडं बी कागदात गुंडाळून, हवाबंद डबीत घालून फ्रीजमध्ये ठेवा. त्याचं बी काळं, चकचकीत, थेंबाच्या आकाराचं आणि जेमतेम दीड मिलिमीटरचं असतं. पाकिटातून चपटं, रंगीत किंवा टपोरं बी निघालं तर ते फ्लायट्रॅपचं नाही, त्यावर मेहनत करू नका.

सरासेनिया (नळीसारख्या उभ्या पानांत किडे पकडणारी वनस्पती) आणि ड्रॉसेरा रोटंडिफोलिया, ड्रॉसेरा फिलिफॉर्मिस यांसारखे थंड प्रदेशातले दवबिंदू यांची गोष्ट वेगळी. त्यांचं बी हिवाळ्याच्या तोंडावर गळतं. लगेच रुजलं तर कोवळं रोप थंडीत मरेल, म्हणून ओलसर गारव्यात काही आठवडे गेल्याशिवाय ते जागंच होत नाही. हा हिवाळा फ्रीजमध्ये देता येतो. चिमूटभर स्फॅग्नम मॉस (दलदलीत वाढणारं, पाणी धरून ठेवणारं शेवाळ) भिजवून घट्ट पिळा. दाबल्यावर पाण्याचा थेंब पडता कामा नये. त्यात बी मिसळून झिपच्या पिशवीत भरा, पिशवीवर नाव आणि तारीख लिहा आणि 3 ते 5 अंश सेल्सिअसला चार ते सहा आठवडे ठेवा. फ्रीझरमध्ये मात्र नको, ओलं बी गोठून मरू शकतं. सरासेनियाच्या बीवर मेणचट थर असतो आणि सुरुवातीला ते पाण्याला दाद देत नाही, त्यामुळे सहा आठवडे दिलेले बरे. कोरडं बी नुसतं फ्रीजमध्ये ठेवल्यानं हे काम होत नाही, ओल आणि गारवा दोन्ही एकत्र लागतात.

मिश्रण साधं आहे: एक भाग पीट मॉस (दलदलीतल्या मॉसचा अर्धवट कुजलेला भुगा), एक भाग परलाइट (ज्वालामुखीच्या काचेचे फुलवलेले हलके पांढरे दाणे) किंवा धुतलेली सिलिका वाळू. पीटच्या पाकिटावर खत मिसळल्याचा उल्लेख असेल तर ते घेऊ नका. बागेतली माती, शेणखत, गांडूळखत यातलं काहीही चालत नाही. या वनस्पती नापीक जमिनीतल्या आहेत आणि खतानं त्यांची मुळं जळतात. कोरडं पीट पाणी झटकून टाकतं, म्हणून आदल्या रात्री कोमट पाण्यात भिजत घाला.

पाण्यात तडजोड नको. पावसाचं, डिस्टिल्ड किंवा आरओचं पाणी वापरा आणि टीडीएस मीटरवर, म्हणजे पाण्यातले विरघळलेले क्षार मोजणाऱ्या यंत्रावर, 50 पीपीएमच्या (दहा लाखांत 50 भागांच्या) आत आहे ना ते बघा. नळाचं पाणी उकळून उपयोग नाही, पाणी आटतं आणि विरघळलेले बहुतेक क्षार मागे राहतात.

आता पेरणी. कुंडी भरून मिश्रण हलकेच सपाट करा, ती ट्रेमध्ये ठेवून खालून पाणी चढू द्या. पांढरा कागद मधोमध दुमडा, घडीत बी ओता आणि कुंडीवर धरून कागदाच्या कडेला बोटानं अलगद टिचक्या मारा. दवबिंदूचं बी श्वासानंही उडतं, तेव्हा पंखा बंद असू द्या. बी मातीआड करायचं नाही. इतक्या छोट्या बीला रुजायला उजेड लागतो, ते वरच राहू द्या. वरून पाणी घातलं तर सगळं बी वाहून कडेला गोळा होतं, म्हणून ट्रेमध्येच एक-दोन सेंटिमीटर पाणी ठेवा. कुंडीवर भोकं पाडलेलं प्लास्टिक ताणा. तापमान 20 ते 28 अंश आणि वीस-पंचवीस सेंटिमीटरवर पांढरा एलईडी दिवा, रोज 12 ते 14 तास. बंद प्लास्टिकवर थेट ऊन पडलं तर आत बी शिजतं.

घटपर्णी, म्हणजे पानांच्या टोकाला घड्यासारखे सापळे असलेली नेपेंथिस, हिचं बी केसासारखं लांब असतं. उजेडासमोर धरून बघा. मधोमध फुगीर गाठ दिसली तर आत जीव आहे, सलग सपाट असेल तर ते फोल. बी काढल्यावर जितक्या लवकर पेराल तितकं चांगलं. चिरलेल्या स्फॅग्नमवर पसरा, हवा दमट ठेवा, पण कुंडी पाण्यात उभी करू नका. रुजायला एक-दोन महिने सहज लागतात, कधी त्याहून जास्त.

पांढरी किंवा करडी बुरशी दिसली की तो भाग टूथपिकनं उचला आणि प्लास्टिक रोज थोडा वेळ काढा. हवा कोंडली की बुरशी येते. हिरवा शेवाळाचा थर आला तर पाणी कमी करा आणि हवा वाढवा, नाहीतर बारीक रोपं त्याखाली गुदमरतात. उगवण झाल्यावर आठ-दहा दिवसांत प्लास्टिक टप्प्याटप्प्यानं हटवा, एकदम काढलं तर रोपं सुकतात.

फ्लायट्रॅपची पहिली दोन पानं साधीच असतात, तिसऱ्या पानाला मात्र दोन-तीन मिलिमीटरचा खराखुरा सापळा असतो. दवबिंदूच्या रोपावर चिकट थेंब दिसू लागले की माशांचं कोरडं खाद्य पूड करून टूथपिकच्या टोकावर मावेल इतकंच पंधरा दिवसांतून एकदा द्या. जास्त दिलं की पान कुजतं. रोपं सेंटिमीटरभर पसरली की वेगळी करा. फ्लायट्रॅप आणि सरासेनिया पूर्ण वाढायला तीन ते पाच वर्षं घेतात.

रुजायची मुदत उलटून गेली तरी कुंडी लगेच रिकामी करू नका. सरासेनियाचं उरलेलं बी पुन्हा महिनाभर गारव्यात ठेवून उजेडात आणलं की कित्येकदा दुसऱ्या खेपेला रुजतं.